लाडावलेली झडप

डॉक्टर नसीमा जमादार यंत्राच्या पडद्याकडे इतका वेळ बघत राहिल्या, की सुलोचना मगदूम यांनी देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. डॉक्टर बडबडत असल्या की समजावं, सगळं ठीक आहे. गप्प झाल्या म्हणजे काहीतरी बिनसलंय.

मिरजेच्या त्या हॉस्पिटलातल्या तपासणीच्या खोलीत चौघंच होती. पलंगावर डाव्या कुशीवर ऋजुता, तिच्या छातीवर यंत्र फिरवणाऱ्या डॉक्टर, उशाशी तिचा नवरा तेजपाल, आणि दाराला पाठ लावून उभी असलेली तेजपालची आई. जयसिंगपूरच्या दहाव्या गल्लीत तिला सुलोचना म्हणून कुणी ओळखत नसे. सगळ्यांच्या त्या अक्का. अक्कांनी उभा जन्म एसटीत कंडक्टरकी केली. आता गाड्या विजेवर पळतात, तिकीट दारातलं यंत्र देतं आणि कंडक्टर नावाचा प्राणी उरलेला नाही. अक्का त्या शेवटच्या तुकडीतल्या. भरल्या गाडीत "पुढं सरका" म्हणून ओरडून ओरडून घसा असा तयार झालेला, की त्यांनी स्वयंपाकघरात गुपित सांगितलं तर ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ऐकू जायचं.

पण गेले दोन महिने एक गुपित त्यांनी खरोखरच पोटात ठेवलं होतं.

"झडप आखडतेय," डॉक्टर अखेर म्हणाल्या. "पाकळ्या आखूड झाल्यात. मिटताना मधे फट राहते आणि रक्त मागं गळतंय. म्हणून तुला धाप लागतेय, ऋजुता."

"असं कसं होईल?" तेजपालनं खिशातून फोन काढला. "तिनं एक दिवस चुकवलेला नाही. मी रोज संध्याकाळी तिच्या मनगटावरच्या पट्ट्याचा अहवाल बघतो. चालणं, जिने, सगळं तुम्ही सांगितलं त्याच्यापेक्षा जास्तच!"

"मीही बघते की. म्हणून तर वाईट वाटतंय." डॉक्टरांनी चष्मा काढला. "पेशंटनं सांगितलं ते सगळं केलं आणि तरी झडप आखडली, म्हणजे दोष झडपेचा. येत्या गुरुवारी छाती उघडून ही काढू आणि धातूची बसवू. पुढच्या आठवड्यात आणखी दोन मुलींना हीच नवी झडप बसवायची होती. त्यांनाही मी थांबवते. अशी झडप मी डोळे झाकून कुणाला बसवणार नाही."

"आणि मूल?" ऋजुतानं भिंतीकडे बघतच विचारलं.

डॉक्टरांनी खुर्ची तिच्या जवळ ओढली. "धातूची झडप म्हटली की रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. त्या गोळीवर गरोदर राहणं बाळालाही धोक्याचं आणि तुलाही. काही जणी निभावतात. पण तुझ्या हृदयाकडे बघून मी तरी नको म्हणेन."

तेजपालनं बायकोचा हात धरला. अक्कांनी मात्र आपला डावा हात हळूच पदराखाली घेतला. उन्हानं रापलेल्या त्या मनगटावर एक पांढरा पट्टा उमटला होता. ऋजुताच्या मनगटावर तसली खूण नव्हती.

आता हे प्रकरण नीट सांगायला हवं.

ऋजुताची आई ती लहान असतानाच गेली. पोर मामाकडे गडहिंग्लजला वाढली, म्हणजे आपली आपणच वाढली. तिथं एकदा घसा सुजला, ताप आला, मग गुडघे धरले. कुणी दवाखान्यात नेलं नाही. ताप उतरला, गुडघे मोकळे झाले, पण त्या दुखण्यानं जाता जाता हृदयातली झडप जाड करून ठेवली. हृदयाच्या डाव्या बाजूला, वरच्या आणि खालच्या कप्प्याच्या मधे ही दोन पाकळ्यांची झडप असते. खालचा कप्पा आवळला की ती मिटते आणि रक्ताला मागं फिरू देत नाही. ऋजुताची झडप धड उघडेना आणि धड मिटेना. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ती जिन्यात बसून राहायला लागली, तेव्हा हे उजेडात आलं.

आजवर अशा पोरींपुढं दोनच वाटा होत्या. धातूची झडप टिकते जन्मभर, पण तिच्यावर रक्त साकळतं, म्हणून ती गोळी मागं लागते. जनावराच्या मांसाची झडप बसवली तर गोळी टळते, पण तरुण शरीरात ती लवकर झिजते आणि पुन्हा छाती उघडावी लागते. डॉक्टर जमादारांनी तिसरी वाट काढली होती. मांडीच्या शिरेतून नळी सरकवून हृदयात एक बारीक जाळी नेऊन बसवायची. जाळी विरघळणारी. शरीराच्याच पेशी तिच्यावर येऊन घर करतात, पाकळ्या विणतात, आणि काही महिन्यांनी जाळी विरघळून गेली की मागं उरते ती स्वतःच्या रक्तामांसाची, जिवंत झडप.

"एकच अट आहे," तेव्हा डॉक्टर म्हणाल्या होत्या. "पाकळी किती लांब करायची, किती घट्ट विणायची हे त्या पेशींना कुणी सांगितलेलं नसतं. त्या ताणावरून शिकतात. हृदय जोरानं चाललं, मिटलेल्या पाकळीवर दाब आला, की त्या दाबाला पुरेल अशी पाकळी त्या विणतात. ताणच नसला तर आकसून बसणं हा पेशींचा स्वभाव. म्हणून सुरुवातीचे महिने आराम अजिबात नको. चालायचं, जिने चढायचे, रोज थोडी थोडी धाप लागू द्यायची."

त्यासाठी मनगटाला एक पट्टा दिला होता. तो श्रम मोजायचा, हॉस्पिटलला कळवायचा, आणि दुसऱ्या दिवशी किती चढायचं ते तिथला संगणक ठरवायचा.

अक्कांनी हे सगळं एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्यानं सोडून दिलं. डॉक्टर लोक काय, ज्याला त्याला चाला म्हणतात! हृदयात नवा जीव बसवलाय आणि पोरीला जिने चढवायचे? हे तर बाळंतपणच की, फक्त जागा वेगळी. अक्कांच्या स्वतःच्या बाळंतपणात सासूनं बाराव्याच दिवशी त्यांना दगडावर धुणं आपटायला बसवलं होतं. तेव्हा टाके उसवले, ताप भरला, आणि त्या तापात त्यांनी मनाशी गाठ मारली, की माझ्या सुनेचा पाय सव्वा महिना मी भुईला लागू देणार नाही.

मग काय विचारता! डिंकाचे लाडू झाले, अळिवाची खीर झाली, कानाला स्कार्फ बांधला, खिडकी लावून घेतली. पट्टा दोनदा किरकिरला, हॉस्पिटलातून फोन आला, "ताई, आज चालणं झालं नाही." तिसऱ्या दिवशी तेजपाल औद्योगिक वसाहतीत कामावर गेला आणि अक्कांनी सुनेच्या हातातला पट्टा सोडवून आपल्या हातात बांधला.

"अक्का, डॉक्टर रागावतील हं," ऋजुता म्हणाली होती.

"मी हाय न्हवं? तू पड गप."

आणि ती पडली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या अंगावर पांघरूण सारखं केलं होतं, भांग पाडून दिला होता. ती त्या मायेत बुडाली त्यात नवल ते काय? सव्वा महिन्याचे दोन महिने झाले. अक्का बाजारात, देवळात, गच्चीवर, सगळीकडं दणादणा चालत होत्या. संध्याकाळी पट्टा सुनेच्या हातात परत जायचा आणि तेजपाल अहवाल बघून म्हणायचा, "वा रे माझी पैलवान!" दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या.

मिरजेहून परत आल्यावर तेजपाल रजा टाकायला म्हणून बाहेर पडला. अक्का ओट्याशी नुसत्याच उभ्या होत्या. ऋजुता हळूहळू आत आली, दाराची चौकट धरून थांबली. एवढ्यानंच तिला दम लागला होता.

"सांगू नका," ती म्हणाली.

"काय बोलतीस?"

"तेजपालला सांगू नका. डॉक्टरांना पण. मी धातूची बसवून घेते."

"अगं, आणि लेकरू?"

"नको मला लेकरू!" ती ओरडली आणि खोकत खाली बसली. अक्कांनी पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही. "मला हे घर पाहिजे, अक्का. तो तुम्हाला माफ करायचा नाही. मलासुद्धा करायचा नाही. मी कुठं जाऊ मग? परत मामाकडं?"

अक्का पाण्याचा पेला हातात धरून तिच्याशेजारी भुईवर बसल्या. या पोरीला त्यांनी घर दिलं होतं आणि त्याच हातांनी तिची कूस बंद करायला निघाल्या होत्या. ऋजुतानं त्यांचा हात घेऊन आपल्या डोक्यावर ठेवला. "माझी शपथ आहे."

"बरं," अक्का म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

पण चूल पेटवताना, भाकरी थापताना त्यांच्या डोळ्यांपुढं त्या दोन मुली यायला लागल्या, ज्यांना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. कुणाच्या तरी सुनाच असणार, घरी बॅग भरून बसल्या असणार. आपल्या लाडापायी त्यांच्याही वाटेवर धोंडा. आणि झडप तर बिचारी निर्दोष होती. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचा प्रकार चालला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात जाते म्हणून अक्का निघाल्या त्या थेट मिरजेच्या गाडीत बसल्या. शपथ मोडली तर मोडली. देव काय करायचं ते मला करील, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

डॉक्टर जमादारांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून त्यांनी खोलीचं दार लावलं.

"म्हणजे ती नाडी तुमची होती," त्या म्हणाल्या. "मी म्हणत होते, एवढ्या आजारी मुलीची नाडी इतकी ठणठणीत कशी! परिषदेत दाखवली मी ती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मगदूमबाई. तुमच्या नाडीला!"

अक्का खाली मान घालून उभ्या.

"गुरुवारी मी एका तरुण मुलीची छाती कापणार होते. कशासाठी? तुमच्या लाडवांसाठी?" आता डॉक्टरांचा आवाज चढला. "तुम्हाला वाटलं, तुम्ही यंत्राला फसवलंत. यंत्राचं काय जातंय? त्या जिवंत पेशी आहेत. त्यांना वाटलं, ही बाई जन्मभर अंथरुणातच पडणार आहे, मग कशाला लांब पाकळ्या विणायच्या? तुम्ही जे शिकवलंत ते त्या इमानानं शिकल्या."

"माझं चुकलं. मला काय ती शिक्षा करा, पण पोरीचं—"

"शिक्षेचं नंतर बघू." डॉक्टर खुर्चीत बसल्या आणि कपाळ चोळायला लागल्या. "चूक माझीही आहे. ज्यांनी हा पट्टा बनवला त्यांच्या देशात आजारी माणूस बहुतेक एकटाच राहतो. त्यांना सासू काय चीज असते ते कुठून ठाऊक? पण मला तरी कळायला हवं होतं की! मी इथलीच आहे."

त्यांनी पडद्यावर ऋजुताची झडप पुन्हा आणली, पुढं-मागं करून बघितली.

"जाळी अजून विरघळलेली नाही," डॉक्टर म्हणाल्या. "दिवाळीपर्यंत राहील. तोवर पेशी ऐकतात. एकदा का जाळी गेली की जो आकार झाला तो पक्का. आत्तापासून ताण दिला तर पाकळ्या परत लांब होतील... होऊ शकतील. पण आता झडप गळतेय. ताण वाढवला तर तेच रक्त मागं फुफ्फुसात साचून ती गुदमरेलसुद्धा. असं कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही. मी हे ऋजुताला आणि तेजपालला सांगणार, आणि हेही सांगणार की धातूची झडप हा सुरक्षित मार्ग आहे."

"तेजपालला मी सांगते," अक्का म्हणाल्या. "ते तेवढं माझ्याकडं राहू द्या."

त्यांनी सांगितलं. घरात, दुपारी, ऋजुतासमोरच. तेजपाल आधी हसला, त्याला वाटलं आई काहीतरी चेष्टा करतेय. मग त्याचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे रोज मी तुझ्या चालण्याचं कौतुक करत होतो?" तो बायकोकडे वळला. "आणि तुला हे माहीत होतं?"

"होतं."

"दोघी मिळून मला येडा बनवत होता."

"तेजपाल, अरे—"

"तू बोलू नकोस, आई. तू आता हिच्या वाऱ्यालाही उभी राहू नकोस. गुरुवारी ऑपरेशन होणार. धातूची बसणार. मला मूल नको, प्रयोग नकोत, मला ही जिवंत पाहिजे."

"छाती माझी आहे," ऋजुता म्हणाली.

ती हे अगदी हळू म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज ठाम होता. "मला मूल पाहिजे. काल मी खोटं बोलले अक्कांना. मी दिवाळीपर्यंत प्रयत्न करणार. झालं तर झालं, नाही तर धातूची आहेच."

"आणि तुला कोण चालवणार? मी रजा घेतो."

"तू नाही. मला धाप लागली की तू पाणी आणायला पळशील. अक्का चालवतील."

"ही?" तेजपाल ओरडला. "हिनंच वाटोळं केलंय!"

"म्हणूनच," ऋजुता म्हणाली. "त्यांना माहिती आहे, काय बिघडलंय ते."

पहिला आठवडा हॉस्पिटलात गेला. या वेळी डॉक्टरांनी मनगटाचा पट्टा ठेवलाच नाही. थेट छातीवर एक चकती चिकटवली, आतली गळती दर ठोक्याला मोजणारी. फुफ्फुसं कोरडी राहावीत म्हणून औषधं सुरू केली. घरी सोडताना त्यांनी अक्कांना समोर बसवलं.

"एकच नियम. ती एका दमात पूर्ण वाक्य बोलू शकतेय तोवर चालवायचं. मग ती रडो, हातापाया पडो. वाक्य मधेच तुटलं, दोन शब्दांमधे श्वास घ्यावा लागला, की तिथल्या तिथं बसवायचं. खोकला सुरू झाला, ओठ काळे-निळे पडले, तर मला फोन. दया करायची नाही आणि जिद्दही करायची नाही. जमेल?"

"जमवते," अक्का म्हणाल्या. आपण हो म्हणालो की कुणी दुसरंच बोललं, ते त्यांना कळलं नाही.

जयसिंगपूर स्टेशनचा पादचारी पूल. सकाळी ऋजुता पुढं आणि अक्का एक पायरी मागं, पाठीवर हात ठेवून. अर्धा जिना होतो न होतो तोच ऋजुता कठड्याला चिकटायची.

"अक्का, पाया पडते तुमच्या, आज एवढंच पुरे करा."

"वाक्य पुरं झालं. चल."

"माझ्या पायांत गोळे आलेत हो, खरंच सांगते."

"गोळे पायांत आलेत, छातीत न्हाईत. चल पुढं."

विचार करा. जी गयावया करायची, तीच तिच्याविरुद्ध साक्ष व्हायची. जितकं नीट विनवायची तितकं जास्त चढावं लागायचं. आणि अक्कांना ते सगळं कानांनी ऐकून तोंडानं "चल" म्हणायचं असायचं. जिन्यात येणारे-जाणारे थांबून बघायचे. एकदा शेजारच्या कुंभोजकर वहिनींनी वाटच अडवली.

"अक्का, दवाखान्यातनं आणलेल्या पोरीला असं पळवायचं? काळीज हाय का दगड? म्या पोलिसांस्नी फोन लावीन हां!"

समजावून सांगायला अक्कांकडे ना वेळ होता ना दम. "दगडच हाय. लाव जा फोन," असं म्हणून त्या सुनेला घेऊन पुढं गेल्या. घरी आल्यावर मात्र न्हाणीघरात नळ मोठा सोडून त्या पोटभर रडल्या. हे रडणं ऋजुताला ऐकू जायचं. पण तीही आता पूर्वीसारखी मांडीवर डोकं ठेवायला येत नव्हती. जेवढ्यास तेवढं बोलायची. तेजपाल तर आईशी बोलतच नव्हता. ताट वाढलं की जेवायचा आणि उठायचा.

नवरात्रात एक दिवस घात होता होता वाचला. पुलावर वरून तिसऱ्या पायरीवर ऋजुता म्हणाली, "अक्का, मला जरा—" आणि पुढचा शब्द आलाच नाही. अक्कांनी तिला तिथंच खाली बसवलं, पाठीला टेका दिला. खोकला सुरू झाला तो थांबेना. ओठांवर निळसर छटा आली. अक्कांनी तिला एका हातानं सावरत डॉक्टरांना फोन लावला. रुग्णवाहिका आली, तेजपाल कामावरून तसाच धावत आला. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तो आईसमोर उभा राहिला आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलला.

"हिला काही झालं ना, तर मी तुला आई म्हणणार नाही."

अक्कांनी मान डोलावली. त्याचं काय चुकीचं होतं?

डॉक्टर बाहेर आल्या. "फुफ्फुसात थोडं पाणी साचलं होतं, आता उतरलंय. मगदूमबाईंनी वेळेत बसवलं म्हणून बरं." त्यांनी तेजपालपुढं एक आलेख धरला. "आणि हे बघा. गळती कमी होतेय. फार नाही, पण होतेय. पाकळ्या लांबायला लागल्यात. थांबायचं असेल तर आत्ता थांबू. ठरवा."

तेजपाल थांबा म्हणाला. आतून पलंगावरून ऋजुता नाही म्हणाली. बोलायचा अधिकार आपल्याला उरलाय असं अक्कांना वाटत नव्हतं. चार दिवसांनी पुलावर दोघी पुन्हा उभ्या होत्या.

दिवाळीच्या तोंडावर शेवटची परीक्षा आली. हॉस्पिटलला तळापासून वरच्या मजल्यापर्यंत स्ट्रेचर न्यायचा उतार आहे. डॉक्टर म्हणाल्या, हा न थांबता चढायचा. जाळी जवळजवळ विरघळली होती. आज पाकळ्या जिथवर पुरतील तिथवरच कायमच्या. जास्तीत जास्त दाबाला त्या मिटतात का, ते बघायचं. मिटल्या नाहीत तर शस्त्रक्रियेची तारीख तयार होती.

ऋजुता निघाली. मागं अक्का, बाजूला हातात यंत्राचा पडदा धरून डॉक्टर, आणि कठड्याला धरून तेजपाल.

पहिला मजला गेला. दुसरा गेला. ऋजुताच्या मानेवरून घाम ओघळत होता.

"बोल," अक्का म्हणाल्या.

"दमले मी, अक्का, आता मला उचलवत नाहीत पाय."

"पुरं झालं. चल."

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तिची पावलं घसटायला लागली. खांदे वरखाली होत होते. तेजपालनं डॉक्टरांकडे बघितलं, डॉक्टर पडद्यावरून नजर काढेनात.

"बोल ग," अक्का म्हणाल्या.

ऋजुता बोलली नाही. चालत राहिली.

"ऋजुता, बोल. काय बी बोल."

काहीच नाही. नुसता श्वास, फुसफुस करत येणारा आणि जाणारा. वरचा मजला समोर दिसत होता, आणखी थोडंसंच उरलं होतं. आत्ता थांबवलं तर परीक्षा अर्धी राहणार, इतक्या दिवसांचे हाल मातीत जाणार. नाही थांबवलं तर? त्यांना पुलावरचे ते निळे ओठ दिसले. दया करायची नाही आणि जिद्दही करायची नाही.

"आई, थांबव तिला!" तेजपाल ओरडला.

"थांब," अक्का म्हणाल्या. त्यांनी सुनेला दोन्ही दंडांना धरलं आणि तिथंच उतारावर खाली बसवलं. "बास. बास झालं, माझे बाई. गेली ती झडप खड्ड्यात." आणि त्यांना हुंदका फुटला.

ऋजुतानं मान वर केली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता, पण ओठ निळे नव्हते. डोळ्यांत तर नुसता अंगार होता.

"मुद्दाम गप्प बसले मी, बोललं की पुढं ढकलता म्हणून!" ती कडाडली. "तुमच्यासारखी दुष्ट, निर्दय, दगडाच्या काळजाची बाई मी जन्मात बघितली नाही, आधी लाडू चारून चारून मला गादीला चिकटवलंत आणि आता जनावरासारखं पळवताय, आणि दोन्ही वेळा वर तोंड करून म्हणताय की तुझ्याच भल्यासाठी करते, घरी गेल्यावर मी चार दिवस तुमच्याशी बोलणार नाही आणि तुमच्या हातचा चहासुद्धा घेणार नाही!"

अक्का तिच्या ओठांकडे बघत होत्या. आता तुटेल, आता तुटेल म्हणून प्रत्येक शब्दापाशी त्यांचा जीव खालीवर होत होता. वाक्य कुठंच तुटलं नाही.

डॉक्टर जमादारांनी पडदा तेजपालपुढं फिरवला. लाल रंगाचा तो मागं जाणारा लोट, जो दोन महिन्यांपूर्वी अर्ध्या कप्प्यात पसरायचा, आता केसाएवढा उरला होता. "मिटतेय. दाब पुरेसा चढला होता, वरपर्यंत जायची गरज उरली नाही," त्या म्हणाल्या. "त्या दोन मुलींना आज निरोप देते. या म्हणून."

तेजपाल मटकन आईशेजारी उतारावर बसला आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून लहान पोरासारखा रडायला लागला. अक्कांचं तिकडं लक्ष नव्हतं. पदरानं डोळे पुसून त्या सुनेच्या अगदी तोंडापाशी वाकल्या.

"आणखी एकदा म्हण," त्या म्हणाल्या.